पावाच्या पाकिटावरची अक्षरं

पावाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं तिने वरपासून खालपर्यंत वाचून काढली आणि वाचून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की चष्मा डोक्यावरच आहे. तिने हात वर नेऊन चाचपून पाहिलं. होता, नेहमीसारखा केसांत खोचलेला. मग तिने पाकीट पुन्हा डोळ्यांसमोर धरलं, या वेळी मुद्दाम. कर्बोदकं, त्यांतली साखर, तंतू, मीठ, आणि अगदी तळाशी, जिथे छापणाऱ्यालाच वाटत असतं की इथवर कोणी येणार नाही, तिथे ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’. सगळं स्वच्छ. टोस्टरपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याने विचारलं, “काय शोधतेयस एवढं?” “काही नाही, वाचतेय,” ती म्हणाली, आणि एवढं साधं वाक्य बोलताना तिला हसू फुटलं. चाळिशी लागल्यापासून या स्वयंपाकघरात तिने चष्म्याशिवाय काही वाचलं नव्हतं. तीही कोण, तर चष्म्याचं दुकान चालवणारी बाई. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे, कोणाला जवळचा नंबर लागला की समजूत काढायची, वयाने सगळ्यांनाच लागतो, त्यात लाजायचं काय. आणि घरी आल्यावर स्वतःचा चष्मा सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घ्यायचं. तिने नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्याने आधी खिडकीबाहेर पाहिलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा, त्यामुळे कुठल्याही बातमीचं कारण त्याला प्रथम बाहेर सापडायचं. “उजेड चांगला आहे आज,” तो म्हणाला आणि टोस्टला लोणी लावू लागला.

उजेडाचा काय संबंध, असं तिला वाटलं. आमच्या घराण्याचे डोळेच तसे. हे वाक्य मनात आलं आणि त्याच्या मागोमाग बाबांची सुई आली. बाबा शिंपी होते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचं मशीन, काजं-बटणं मात्र हाताने. जवळचं दिसेनासं झाल्यावर दोरा ओवायचं काम तिच्याकडे आलं होतं, ती अभ्यासाला बसलेली असली तरी हाक यायची, “ये गं, सुईचं नेढं हरवलंय.” आणि एका दुपारी हाक आलीच नाही. तिने डोकावून पाहिलं तर बाबांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि चष्म्याशिवाय, एका झटक्यात, आरपार नेलं. त्यांनी सुई वर धरली. आई हात पुसत बाहेर आली, कामावरून परतलेले काका दारातच थांबले, आणि मायलेकींनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी दोरा काढून पुन्हा ओवून दाखवला, जादूगाराच्या ऐटीत. “आमच्या घराण्याचे डोळेच तसे,” ते म्हणाले, “गेलेले परत येतात.” तिच्याजवळ त्या दुपारचं चित्र एवढंच होतं. सुई, टाळ्या आणि बाबांचं वाक्य. पुढचं काही तिला त्या सकाळी आठवलं नाही, किंवा आठवायला तिने सवड दिली नाही, कारण तिला ही बातमी ताबडतोब लोणीरावांना कळवायची होती.

लोणीराव कोण, कुठले, काय करतात, हे तिला माहीत नव्हतं. खरं नावसुद्धा माहीत नव्हतं. खाण्यापिण्यावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक गट होता, ‘ताटातली भांडणं’ नावाचा, आणि तिथे हा गृहस्थ कर्बोदकांच्या जिवावर उठला होता. पाव नको, भात नको, साखरेचं तर नाव काढू नका. अंडी खा, लोणी खा, पालेभाज्या खा आणि गप्प बसा. काही वर्षांमागे त्यांनी लिहिलं होतं, “बटाटा म्हणजे जमिनीखाली दडलेली साखर. निर्दोष असता तर दडला नसता.” ती तेव्हा दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघत बसली होती. तिने लिहिलं, “मग गाजर, मुळा आणि कांदा यांनाही अटक करा. आणि दुधात दडलेल्या लोण्याचं काय, ते सापडेपर्यंत घुसळावं लागतं.” त्या दिवसापासून तिचं नाव बटाटेबाई पडलं आणि दोघांची जुंपली ती जुंपलीच. हळूहळू या भांडणाचे नियम झाले, कोणी न ठरवता. अभ्यासाचा हवाला दिला तर त्यात माणसं किती होती, अभ्यास किती दिवस चालला आणि खर्च कोणी केला, हे सांगायचं. अभ्यास उंदरांवरचा असेल तर आधीच कबूल करायचं, कारण एकदा त्यांनी सडपातळ झालेल्या उंदरांबद्दल फार अभिमानाने लिहिलं होतं आणि तिने उत्तर दिलं होतं, “उंदरांचं अभिनंदन. जुने कपडे सैल होत असतील बिचाऱ्यांना.” समोरच्याचा मुद्दा अगदीच बिनतोड निघाला तरी ‘बरोबर आहे’ असं म्हणायचं नाही, ‘नोंद घेतली’ असं लिहायचं. ते दोन शब्द समोरच्याकडून काढून घ्यायला दोघंही महिनामहिना झटत. आणि शेवटचा नियम, एकमेकांच्या वजनाची, दुखण्याखुपण्याची चौकशी करायची नाही. भांडण ताटाशी, माणसाशी नाही. लोणीरावांची एकच खोड तिला खटकायची. तिने एखाद्या पाकिटाचा फोटो टाकला की ते लिहीत, “फोटो नको, लिहून सांगा.” एवढा कसला शिष्टपणा, असं वाटून ती मुद्दाम फोटोच टाकायची.

त्या सकाळी मात्र तिने लिहून सांगितलं. “हे बघा लोणीराव. गेले काही आठवडे माझं वजन आपसूक उतरतंय, कपडे सैल झालेत, आणि आज मी चष्म्याशिवाय पावाचं पाकीट वाचलं. आहार: पाव, बटाटे आणि तुमची निंदा. अभ्यासातली माणसं: एक. खर्च: नवऱ्याचा. उंदीर: नाही. आता बोला.” ती दुकानात पोहोचेपर्यंत हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. त्यांच्या खाली लोणीरावांचं उत्तर होतं आणि त्यात विनोद नव्हता. ती विनोद शोधत दोनदा वाचून गेली. “बटाटेबाई, आज थट्टा बाजूला ठेवतो. तहान फार लागते का? सारखं लघवीला जावं लागतं का? लांबचं अंधुक झालंय का? रक्तातली साखर तपासून घ्या. उद्यावर टाकू नका. माझं असंच सुरू झालं होतं. मलाही अचानक जवळचं स्वच्छ दिसायला लागलं, आणि घरच्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या वर्षांत या माणसाने तिला कंदमुळांची दलाल म्हटलं होतं, पिठाच्या गिरणीची सून म्हटलं होतं, आणि तिला प्रत्येक वेळी हसू आलं होतं. आज त्याने तिला साधं ‘तपासून घ्या’ म्हटलं तर कानशिलं तापली. हरायला लागला की माणूस असाच डॉक्टर होतो, तिने स्वतःला सांगितलं. वजन माझं उतरलं, पोटात याच्या दुखतंय. तिने लिहिलं, “नोंद घेतली नाही,” आणि त्याचं लिहिलेलं पुन्हा कधी दिसूच नये अशी सोय करणाऱ्या बटणावर बोट नेलं. बोट तिथे जरा वेळ राहिलं. मग तिने फोन खणात टाकला आणि बाटली तोंडाला लावली. बाटली रिकामी होती, सकाळीच भरलेली. दुकानातल्या पंख्याने घसा सुकतो, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं. काउंटरमागे फ्रेमा पुसत बसलेली नणंद, जी दुकानात तिची अर्धी भागीदार होती आणि या भांडणांची पूर्ण वाचक, ती म्हणाली, “वहिनी, लोणीराव आज वेगळंच काहीतरी बोलतायत.” “त्यांना डॉक्टरकी सुचलीय,” ती म्हणाली.  फ्रेम पुसून झाली होती तरी नणंद ती पुसत राहिली.

लांबचं अंधुक झालंय का. हा प्रश्न खणातून बाहेर येत होता. आतल्या काळोख्या खोलीतला अक्षरांचा तक्ता तिला काही दिवस मिणमिणता वाटत होता, म्हणून तिने दिवा बदलला होता. तरी समाधान होईना, तेव्हा नणंदेने तक्ताच जुना झालाय, पिवळा पडलाय, असा निकाल दिला आणि नवा मागवून काल संध्याकाळी लावूनही टाकला. घरी समोरच्या इमारतीवरचं घड्याळ पुसट दिसायचं, म्हणून तिने नवऱ्याला खिडकी पुसायला लावली होती. त्याने काच आतून पुसली, बाहेरून पुसली, आणि शेवटी म्हणाला, “आता पलीकडे जाऊन घड्याळ पुसून येऊ का?” तिच्या धंद्यात माणसाला ही खोडच लागते. दिसत नाही म्हटलं की आधी काचेकडे बघायचं. लोक तिच्याकडे येऊन डोळ्यांची तक्रार करत तेव्हा ती त्यांचा चष्मा काढून घ्यायची, उजेडात धरायची, आणि निम्म्या वेळा काचेवर बोटांचे ठसे निघायचे. ती रुमालाने पुसून परत द्यायची आणि लोक म्हणायचे, बाई, तुमच्या हाताला गुण आहे.

दुपारी एक बसड्रायव्हर आला. लायसन्सच्या नूतनीकरणासाठी त्याला डोळे तपासून दाखला हवा होता. अंगाने आडवा, आवाजाने मऊ, तपासणीच्या खुर्चीत बसल्यावर त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले, शाळेत ठेवतात तसे. तिने त्याचा एक डोळा झाकला आणि शेजारच्या स्टुलावर बसून म्हणाली, “वाचा खालची ओळ.” त्याने वाचली. ती म्हणाली, “पुन्हा एकदा, सावकाश.” त्याने तीच अक्षरं सावकाश वाचली. “तिसरं चुकलं,” ती म्हणाली, “पाचवंही.” त्याच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्या डोळ्यानेही त्याने तेच वाचलं, आणि तिने पुन्हा मान हलवली.  त्याची नोकरी त्या ओळीत होती, आणि तरी तो आवाज न चढवता म्हणाला, “बाई, माफ करा, पण मी वाचतोय तेच आहे तिथे. तुम्ही एकदा बघून घ्या ना.” तिने स्टुलावरून तक्त्याकडे पाहिलं. आजवर तपासताना ती तक्त्याकडे पाहत नसेच; त्या ओळी तिला पाढ्यांसारख्या पाठ होत्या, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघूनच ती चूक पकडायची. आता तिने पाहिलं आणि खालच्या ओळीच्या जागी तिला एक राखाडी पट्टा दिसला. ती उठून जवळ गेली. आणखी जवळ. मग अक्षरं उमटली. तक्ता नवा होता, त्या ओळीतली दोन अक्षरं वेगळी होती, आणि ड्रायव्हरने एकही अक्षर चुकवलं नव्हतं.

ती तिथेच, तक्त्याला नाक लावून, उभी राहिली. मागे खुर्ची करकरली. आणि तिच्या डोळ्यांसमोर ती दुपार पुन्हा आली, या वेळी पूर्ण. टाळ्या तिने वाजवल्या होत्या, आईने वाजवल्या होत्या. दारातल्या काकांनी वाजवल्या नव्हत्या. काका औषधांच्या दुकानात कामाला होते. ते चपला न काढताच म्हणाले होते, “दादा, साखर तपासून घे. असं अचानक दिसायला लागलेले लोक आमच्याकडे येतात.” बाबा हसले, म्हणाले, साखर कसली, गोड बातमी आहे. काका पुन्हा तेच बोलले. बाबांनी पुन्हा विनोद केला. तिसऱ्यांदा काका बोलले तेव्हा बाबा सुई हातात घेऊनच उभे राहिले, “माझं चांगलं झालेलं तुला बघवत नाही.” त्याच आठवड्यात काकांनी वेगळी खोली बघितली आणि मग ते त्या घरात आले ते बाबांना पोहोचवायच्या दिवशीच. मधल्या वर्षांत बाबांची सुई परत हरवली, मग काळा आणि निळा दोरा एकच झाला, मग मशीनवर घातलेलं कापड उचललंच गेलं नाही. बाबा शेवटपर्यंत विनोद करत होते. कोणी तब्येत विचारली की इतका सुंदर विनोद करत की विचारणारा हसून घरी जायचा आणि अर्ध्या वाटेत त्याला आठवायचं की उत्तर मिळालेलं नाही. तिला त्यांचे डोळे मिळाले होते, हे तिला माहीत होतं. विनोद कुठून मिळाला, हे तिने आजवर कौतुकाने सांगितलं होतं.

आणि पुढे ती डोळ्यांचं शिकायला गेली तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर डोळ्यातलं भिंग काढून दाखवलं होतं. रक्तातली साखर फार वाढली की हे फुगू शकतं, नंबर सरकतो, लांबचं पुसट होतं, आणि ज्यांना चाळिशी लागलीय त्यांना जवळचं एकदम दिसायला लागतं. लोक पेढे वाटायला निघतात, असं त्या म्हणाल्या होत्या आणि वर्ग हसला होता. ती हसली नव्हती. त्यानंतर या दुकानात, या खुर्चीत बसलेल्या कितीतरी माणसांना तिने सांगितलं होतं, आधी साखर बघून या, मगच चष्मा करू. सांगताना आवाज कसा ठेवायचा, हेही तिने घोटवलं होतं, काकांसारखा दारातून नाही, जवळ बसून. एवढं सगळं माहीत असलेल्या बाईने स्वतःसाठी दिवा बदलला होता. तिला रडू आलं नाही, राग आला नाही. फक्त वाटलं, मघाशी त्या बटणावर बोट दाबलं असतं तर.

तिने वळून ड्रायव्हरला सांगितलं, “तुमचे डोळे चोख आहेत. चुकले ते माझे.” त्याला वाटलं बाई विनम्रतेने बोलतेय, त्याने हात जोडले. दाखला देताना तिने त्याच्या गॉगलच्या सैल झालेल्या काड्या घट्ट करून दिल्या, नाकावरच्या गाद्या बदलून दिल्या, आणि तो “किती झाले” म्हणाला तेव्हा “काही नाही हो, तुम्ही हट्ट धरलात हेच पुष्कळ” असं काहीतरी म्हणाली, जे त्याला कळण्यासारखं नव्हतं. तो गेल्यावर ती स्वतः खुर्चीत बसली आणि नणंदेला हाक मारली. नणंदेने चाचणीची जड फ्रेम तिच्या नाकावर चढवली, भिंगांची पेटी उघडली आणि वर्षानुवर्षं पडद्याआडून ऐकलेला प्रश्न विचारला, “पहिलं बरं की दुसरं?” “दुसरं.” “आता? पहिलं की दुसरं?” “दुसरं.” लांबचं दिसण्यासाठीची मायनसची भिंगं चढत गेली आणि समोरच्या राखाडी पट्ट्यातून एकेक अक्षर बाहेर आलं. या बाजूने तो प्रश्न तिने कधी ऐकला नव्हता. किती प्रेमळ प्रश्न आहे, तिला वाटलं. कोणीतरी आपल्यासमोर वाकून, श्वास रोखून विचारतंय, की तुला कसं बरं वाटतं. नणंद हातातलं भिंग उजेडात धरून म्हणाली, “वहिनी, एवढा मायनस तुम्हाला कधीच नव्हता.” “नव्हता,” ती म्हणाली. “तुझ्या भावाला फोन कर. दवाखान्यात जायचंय म्हणावं, आणि खिडकी पुसायची गरज नाही म्हणावं.”

डॉक्टरीणबाईंनी साखरेचा आकडा सांगितला तेव्हा नवऱ्याने सवयीने खिडकीबाहेर पाहिलं, पण तिथे त्याला काही सापडलं नाही, मग त्याने तिचा हात धरला. गोळ्या सुरू झाल्या. “पाव सोडू का?” तिने विचारलं. “सोडा म्हणत नाही. मोजा म्हणते.” “आणि बटाटा?” डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता वर पाहिलं. “तुम्ही काय बटाट्याच्या वकील आहात?” “हो,” ती म्हणाली. त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, कर्बोदकं कमी केलीत तर तुमच्या बाबतीत उपयोगच होईल, पण गोळ्या चालू असताना मनाने उपास काढू नका, एकदम सगळं तोडू नका, मला विचारून करा. तिला मनातल्या मनात दोन्ही बाजूंची उत्तरं सुचली. लोणीराव म्हणाले असते, आम्ही तेच सांगतोय. बटाटेबाई म्हणाली असती, एकदम तोडू नका, ऐकलंत ना. नंतर ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली, ज्यांच्याकडे ती स्वतःची गिऱ्हाइकं पाठवायची. त्यांनी बाहुल्या मोठ्या करून, भगभगीत उजेडात, बराच वेळ आत पाहिलं. उजेडापलीकडून त्यांचा आवाज आला, “डोळ्यांचा पडदा स्वच्छ आहे. वेळेवर आलात.” घरी जाताना रस्ताभर तिला सगळं झळझळीत आणि कडा नसलेलं दिसत होतं, आणि तिच्या डोक्यात एवढा एकच शब्द होता. वेळेवर. बाबांनाही तो शब्द कोणी म्हणू शकलं असतं. काकांनी वेळेवर सांगितलंच होतं की.

मग ते आठवडे आले ज्यांच्याबद्दल ती लोकांना नेहमी सांगायची, घाई करू नका, नंबर स्थिर होऊ द्या. साखर उतरू लागली तसा नंबर मागे सरकला आणि जरा जास्तच सरकला. समोरचं घड्याळ पुन्हा लख्ख झालं, पण जवळचं एवढं पुसट की जुना चष्माही पुरेना. पाकिटावरची अक्षरं गेली, फोनवरची गेली. तिला गंमत वाटायची, की दिसेनासं होण्याचा आपल्याला आनंद होतोय. सकाळी पाकीट हातात घ्यायचं, चष्मा लावायचा, काही वाचता आलं नाही की समाधानाने खाली ठेवायचं. नवरा पावाची एक चकती तराजूवर ठेवायचा आणि कडा कापून पुन्हा ठेवायचा, नकाशातला देश कापत असल्यासारखा गंभीर चेहरा करून, कापलेल्या कडा स्वतः खायचा आणि म्हणायचा, “सीमाभाग माझ्याकडे.” तिला त्याच्याविषयी, त्याच्या त्या तराजूविषयी, काही न बोलता फ्रेम पुसत राहिलेल्या नणंदेविषयी, हट्टी ड्रायव्हरविषयी इतकं भरून यायचं, की ती उठून नळ सोडायची आणि भांडी घासायला घ्यायची.

राहिले लोणीराव. ‘ताटातली भांडणं’मध्ये तिचं शेवटचं वाक्य तसंच होतं, ‘नोंद घेतली नाही’. त्याखाली त्यांनी काही लिहिलं नव्हतं. लोक विचारत होते, बटाटेबाई कुठे गेल्या, तर कोणी म्हणत होतं पिकल्या असतील. फोनवरची अक्षरं मोठी करून तिने आभाराचं लिहायला घेतलं, तीनदा. एकदा ते फारच लांब झालं. एकदा रडकं झालं. एकदा त्यात ‘आपले उपकार’ असे शब्द आले आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. हा माणूस आता जिंकल्याचा झेंडा नाचवेल, ही भीती नव्हती; नाचवला असता तर बरंच होतं. भीती दुसरीच होती. आभार मानले की माणसं सभ्य होतात. तो उद्यापासून ‘काळजी घ्या’ लिहील, ती ‘आपणही’ लिहील, आणि जे एक भांडण तिला रोज सकाळी उठवायचं ते संपेल. बाबा आणि काकांचं भांडण संपलं होतं, तेही असंच, गप्प होऊन. तिने तिन्ही वेळा लिहिलेलं पुसून टाकलं.

ज्या सकाळी जुना चष्मा पुन्हा बरोब्बर बसला, त्या सकाळी तिने काकांना फोन केला. काका आता खूप थकले होते, मुलीकडे राहत होते, फोनवर मोठ्याने बोलावं लागायचं. तिने सगळं सांगितलं, आणि म्हणाली, “काका, तुमचं बरोबर होतं.” “कशाबद्दल?” “बाबांच्या सुईबद्दल.”  मग काका म्हणाले, “तू टाळ्या वाजवल्या होत्यास.” “हो.” “लहान होतीस,” काका म्हणाले. “दादाला राग आला ना, त्याचं मला नंतर बरंच वाटायचं. राग आला म्हणजे त्याला ऐकू गेलं होतं. हसून सोडून दिलं असतं तर मी म्हटलं असतं, माझाच आवाज लहान पडला.” मग त्यांनी विचारलं, “तुला कोणी सांगितलं?” ती म्हणाली, “एक भांडखोर माणूस आहे.” “त्याच्यावर चिडलीस का?” “फार.” “मग झालं तर,” काका म्हणाले. आणि जेवलीस का, असं विचारलं, सकाळचे साडेआठ वाजले असताना.

फोन ठेवल्यावर तिने ‘ताटातली भांडणं’ उघडलं, आणि तीनदा जे जमलं नव्हतं ते दोन शब्दांत लिहिलं. “नोंद घेतली.” उत्तर इतक्या लवकर आलं, की हा माणूस इतके आठवडे तिथेच उभा होता की काय असं तिला वाटलं. “कशाची?” तिने लिहिलं, “डोळ्यांची. वेळेवर आलात म्हणाले डॉक्टर. बटाट्याचं भांडण चालू आहे.”  तिने चहा संपवला. मग आलं, “वाचलो. मला वाटलं आता बटाट्यावरही सलोखा करावा लागतो की काय. तुमच्या पावात साखर किती, ते सांगितलं नाहीत अजून.” तिला एवढं हलकं वाटलं की तिने सवयीने, खोडसाळपणाने, समोरच्या पाकिटाचा फोटो काढला आणि पाठवून दिला. उत्तर ठरलेलं होतं. “फोटो नको, लिहून सांगा.” एवढ्या वर्षांत या खोडीवर तिने पुष्कळ विनोद केले होते, कारण मात्र कधी विचारलं नव्हतं. आता तिने विचारलं, नियम मोडून, जसा त्यांनी मोडला होता. “का हो?”

“दिसत नाही म्हणून. मला कोणी वेळेवर सांगितलं नाही. तुमचं लिहिलेलं फोन वाचून दाखवतो, बाईच्या आवाजात. इतकी वर्षं मला वाटतंय तोच तुमचा आवाज.”

नवरा टोस्टरपाशी काहीतरी बोलत होता, तिला ऐकू आलं नाही. तिने आजवर टाकलेले सगळे फोटो तिच्या मनात एकापाठोपाठ एक आले, प्रत्येक फोटोखाली त्यांचं तेच एक वाक्य, आणि त्या माणसाच्या खोलीत तिचे विनोद मोठ्याने वाचणारा तो दुसराच आवाज. डोळे भरून आले तर वाचायचं कसं, म्हणून तिने ते बाहीने नीट पुसले. मग डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला, पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं, आणि वरच्या ओळीपासून, एकही आकडा न गाळता, तळाच्या ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’पर्यंत सगळं लिहायला बसली.